चेहऱ्याच्या लालीसाठी लेझर: नागपूरकरांनी सुरुवात कुठून करावी

नागपुरात कुणाचा चेहरा लाल दिसला की त्याचं निदान शेजारीच करून टाकतात, "ऊन लागलं." मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना ते कुणाला खोटंही वाटत नाही. मग गुलाबपाणी होतं, कोरफड होते, मुलतानी माती होते आणि शेवटी औषधाच्या दुकानातून कुठलीतरी ट्यूब येते. ऑक्टोबर उजाडला तरी गाल लालच राहिले की मग कुणीतरी सांगतं, "लेझर करून टाक ना, एका झटक्यात जाते."

एका झटक्यात काही जात नाही. मी स्वतः रोझेशियासाठी, म्हणजे चेहऱ्यावरच्या टिकून राहणाऱ्या लालीच्या आजारासाठी, लेझर घेतलं आहे, मला फायदा झाला आहे, आणि तरीही नव्याने विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी लेझरपासून थोडं मागे ओढते. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर आणि आपल्या गावच्या उन्हात यंत्र कोणतं, हात कुणाचा आणि महिना कोणता यावर सगळं अवलंबून आहे. पुढचा क्रम मोडू नका. पायऱ्या गाळल्या की पैसे जातात आणि वर डाग मिळतात.

१. आधी निदान पक्कं करा

रोझेशिया हा चेहऱ्याच्या मधल्या भागाचा, म्हणजे गाल, नाक, कपाळ आणि हनुवटी यांचा दीर्घकाळ चालणारा दाह आहे. तो अनेक तऱ्हांनी दिसतो. चेहरा अचानक तापून लाल होतो आणि हळूहळू ती लाली मुक्कामच करते. बारीक रक्तवाहिन्या जाळीसारख्या दिसू लागतात. पिंपल्ससारखे फोड येतात. आणि काहींचं, विशेषतः पुरुषांचं, नाक जाड होत जातं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं, पापण्यांच्या कडा लाल होणं हेही याच आजारात मोडतं. डोळ्यांचा त्रास असेल तर तो त्वचेच्या डॉक्टरांना मुद्दाम सांगा आणि नेत्रतज्ज्ञांनाही दाखवा. लेझर डोळ्यांच्या या त्रासावर विसंबण्यासारखा उपाय नाही.

पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या लोकांचे असतात. आपल्याकडे लाली तांबूस-तपकिरी दिसते किंवा दिसतच नाही, फक्त जाणवते. म्हणून डॉक्टरांना "लाल आहे" एवढंच सांगू नका. चेहरा गरम होतो का, साधी क्रीम लावली तरी चुरचुरतं का, गाल सुजल्यासारखे वाटतात का, फोड आहेत पण काळी-पांढरी टोकं नाहीत असं आहे का, हे सांगा. चांगले डॉक्टर काचेची पट्टी गालावर दाबून रंग विरतो का बघतात किंवा डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, लावून रक्तवाहिन्यांची नक्षी तपासतात. ही तपासणी दोन मिनिटांची असते आणि तिच्यामुळे पुढची बरीच वणवण वाचते.

रोझेशियासारखे दिसणारे आणखी आजार आहेत. ल्युपसमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजारात, दोन्ही गालांवर चट्टा येतो, पण नाकाच्या बाजूच्या घड्या सहसा वाचतात. सोबत सांधे दुखणं, ताप, केस गळणं असेल तर रक्ततपासणी लागते. ल्युपसच्या रुग्णाला ऊन आणि प्रकाश सोसत नाही, त्यामुळे हे निदान चुकवून थेट लेझर करणं धोक्याचं आहे. कोंड्याच्या जातीचा सेबोऱ्हिक डर्मटायटिस नेमका त्या घड्यांतच बसतो, वर तेलकट खपली असते. आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा सोंगाड्या वेगळाच आहे. त्याला पूर्ण एक पायरी द्यावी लागते.

२. घरातल्या सगळ्या ट्यूबा टेबलावर मांडा

खरंच मांडा. कपाटातली, पर्समधली, आईच्या औषधाच्या डब्यातली, पार्लरवाल्या ताईंनी छोट्या बिनलेबलच्या डबीत दिलेलीसुद्धा. मागची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. गोरं करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ क्रीममध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशी तिहेरी भट्टी असते. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड क्रीम 'शेड्यूल एच'मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. काउंटरवर काय चालतं ते तुम्ही जाणताच.

ही क्रीम महिनोन् महिने चेहऱ्याला लावली की कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या वर दिसू लागतात, फोड येतात, उन्हात आग होते. म्हणजे हुबेहूब रोझेशिया. फरक ओळखायची एक साधी खूण आहे: क्रीम लावली की एक-दोन दिवस चेहरा छान आणि बंद केली की भडका. असं होत असेल तर लेझरचा विषय तूर्त मिटवा आणि डॉक्टरांना ट्यूब दाखवा. काहींना ती लगेच थांबवायला सांगतात, काहींना हळूहळू उतरवतात. थांबवल्यावर काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो, आणि बहुतेक लोक तेवढ्यात घाबरून परत तीच ट्यूब उघडतात. या भडक्यात कुणी लेझर करायला तयार होत असेल तर त्या दवाखान्याचा जिना उतरा.

३. औषधं आधी, आणि त्यांना वेळ द्या

फोड आणि दाह औषधांनी बसतो. लेझर मुख्यतः लालीवर आणि दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांवर चालतं. हा फरक लक्षात राहिला तर निम्मा गोंधळ संपला.

डॉक्टर साधारणपणे मेट्रोनिडाझोल जेल, अझेलिक अ‍ॅसिड किंवा १ टक्का आयव्हरमेक्टिन क्रीम देतात. आयव्हरमेक्टिन कशाला, असं वाटेल. आपल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे राहतात, रोझेशियात त्यांची संख्या बरीचदा वाढलेली असते. फोड जास्त असतील तर पोटातून डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर हे गोळी सुरू करण्याआधीच बोला. या औषधांचा अंदाज यायला ८ ते १२ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणून डॉक्टर बदलणाऱ्यांचं कधीच नीट होत नाही.

तात्पुरती लाली घालवणारं ब्रिमोनिडिन जेलही असतं. लग्नाच्या दिवशी कामाचं, पण उतरल्यावर काहींना आधीपेक्षा जास्त लाली येते. पहिल्यांदा लावायचं तर घरी, सुट्टीच्या दिवशी लावून बघा.

आता खाण्यापिण्याचं. तिखटातलं कॅप्सेसिन उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून सावजी रस्सा पोटात गेला की चेहरा पेटतो. सकाळच्या पोह्यांवरची तर्री हा तसाच छोटा दगा. मी तुम्हाला सावजी सोडा असं सांगणार नाही, नागपुरात राहून ते कोण ऐकणार आहे. पण लेझरच्या प्रत्येक सिटिंगच्या आधी आणि नंतर एक आठवडा तरी आवरा. चहाचा प्रश्न वेगळा आहे. त्यात त्रास देते ती मुख्यतः उष्णता, म्हणून कोमट करून प्या. दारू, कडक ऊन, कढत पाण्याची आंघोळ, वाफ घेणं, जिम आणि चिडचिड ही बाकीची मंडळी. प्रत्येकाचा शत्रू वेगळा असतो, म्हणून दोन-तीन आठवडे वहीत लिहा: काय खाल्लं, कुठे गेलो, चेहरा कधी तापला. ती वही डॉक्टरांना न्या.

दुपट्ट्याबद्दल एक गोष्ट. दुचाकीवर तोंडाला घट्ट दुपट्टा बांधणं ही आपली नागपुरी ढाल आहे आणि उन्हापासून ती वाचवतेही. पण आत वाफ कोंडते. कापड सुती, सैल आणि फिक्या रंगाचं ठेवा, पोचल्याबरोबर सोडा, आणि खाली सनस्क्रीन लावाच. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा जास्तीचं, सुगंध नसलेलं सनस्क्रीन रोझेशियाच्या कातडीला सहसा सोसतं. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर लांब रेघ येईल एवढं लागतं. वाटाण्याएवढं लावून "सनस्क्रीनने काही होत नाही" म्हणू नका.

४. लेझर करतं काय, आणि कोणतं मागायचं

तत्त्व सोपं आहे. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, रक्तवाहिनी आतून तापते आणि मिटते, आजूबाजूची कातडी शाबूत राहते. अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकन डॉक्टरांनी हे तत्त्व १९८३ साली मांडलं आणि आजची बहुतेक त्वचा-लेझरं त्यावरच उभी आहेत.

गोम अशी की आपल्या कातडीतलं मेलॅनिनसुद्धा तोच प्रकाश शोषतं. रक्तवाहिनीपर्यंत पोचण्याआधीच वरचा थर तापतो, आणि मग भाजतं किंवा नंतर काळा डाग उमटतो. त्वचेच्या रंगाची फिट्झपॅट्रिक श्रेणी १ ते ६ अशी असते. आपल्यातले बहुतेक ४ किंवा ५ मध्ये येतात. तुमची श्रेणी डॉक्टरांना विचारा आणि फाइलवर लिहून घ्या.

यंत्रांची नावं कानावर असू द्या:

- पल्स्ड डाय लेझर, ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटर. रक्तवाहिन्यांसाठी जुनं आणि भरवशाचं. जोर जास्त ठेवला तर जांभळे वळ उठतात, ते जायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. जांभळं न करता कमी जोरावरही करता येतं, सिटिंग मात्र जास्त लागतात.
- केटीपी, ५३२ नॅनोमीटर. बारीक वरवरच्या वाहिन्यांवर उत्तम, पण मेलॅनिनही जोरात पकडतं. सावळ्या कातडीवर फार जपून.
- लाँग पल्स्ड एनडी-याग, १०६४ नॅनोमीटर. खोल जातं, मेलॅनिनला कमी धरतं, म्हणून आपल्या रंगाला तुलनेने सुरक्षित. मात्र याला जोर बराच लागतो आणि हात चुकला तर खड्डा पडू शकतो.
- आयपीएल. हे लेझर नव्हेच, गाळणी लावलेला अनेक तरंगलांबींचा प्रकाश आहे. गोऱ्या कातडीवर पसरट लालीला चांगलं. गडद रंगावर भाजण्याची भीती सगळ्यात जास्त याच यंत्राची.

पुरुषांसाठी एक इशारा, जो सहसा कुणी देत नाही: आयपीएल केसांची मुळंही तापवतं. दाढीच्या भागावर घेतलं तर दाढी विरळ होऊ शकते. दाढी प्रिय असेल तर आधीच बोला.

नाक जाड झालं असेल तर रक्तवाहिन्यांचं लेझर पुरत नाही, तिथे कार्बन डायऑक्साइड लेझरने किंवा शस्त्रक्रियेने आकार द्यावा लागतो.

५. रोझेशिया नसेल तर

या पायरीवर थोडक्यात, कारण "लेझर" म्हणून सगळं एकाच पोत्यात भरलं जातं. जन्मतः असलेल्या लाल-जांभळ्या पोर्ट वाइन डागाला पल्स्ड डाय लेझर. डोळ्याभोवतीचा निळसर ओटाचा नीव्हस आणि गोंदण यांना क्यू-स्विच्ड एनडी-याग. पिंपल्सच्या खड्ड्यांना फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड, तेही पिंपल्स पूर्ण बसल्यावर. कोडाच्या स्थिर चट्ट्यांना ३०८ नॅनोमीटरचं एक्सायमर. नको असलेल्या केसांना डायोड, अलेक्झांड्राइट किंवा लाँग पल्स्ड एनडी-याग.

वांगासाठी मात्र लेझरची घाई अजिबात नको. वांग उष्णतेनेच भडकतो, लेझरनंतर काही महिन्यांत तो आधीपेक्षा गडद होऊन परतल्याचं बरेचदा दिसतं. क्रीम, सनस्क्रीन आणि धीर हाच तिथला पहिला उपाय.

आणि पार्लरमधलं "कार्बन फेशियल" किंवा "हॉलिवूड पील" म्हणजे रोझेशियाचा उपचार नव्हे. ऑनलाइन मिळणारी केस काढायची घरगुती आयपीएल यंत्रंसुद्धा लाल गालांवर फिरवू नका.

६. कुठे जायचं

नागपुरात दोन वाटा आहेत आणि मी दोन्ही चालायला सांगते, याच क्रमाने.

निदानासाठी सरकारी वाट चांगली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपलं 'मेडिकल'. रेल्वे स्टेशनजवळचं इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे 'मेयो'. आणि मिहानमधलं एम्स. तिन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. ओपीडी सकाळची असते, त्यामुळे लवकर निघा. एम्सला जायचं तर मेट्रोच्या ऑरेंज लाइनने खापरीला उतरून पुढे ऑटो करता येतो. ऑनलाइन नोंदणी आधीच करून ठेवली तर रांग वाचते. तिथे फॅन्सी खुर्च्या मिळणार नाहीत, पण रोज शेकडो सावळे चेहरे बघणारे डोळे मिळतील. लेझरबद्दल काउंटरवरच विचारा: माझ्या आजाराला लागणारं यंत्र इथे आहे का, सध्या चालू आहे का, आणि तारीख किती लांबची.

खासगी वाट धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ, सदर इथून जाते. पाटीवर "स्किन अँड लेझर" लिहिलेलं असणं पुरेसं नाही. डॉक्टर त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा पदविका घेतलेले हवेत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून तपासता येतं. "कॉस्मेटॉलॉजीचा डिप्लोमा" भिंतीवर चौकटीत लटकला असेल तर तो कुणी दिला, किती दिवसांचा होता, हे विचारायला लाजू नका.

पहिल्या भेटीत हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या:

- यंत्राचा प्रकार कोणता, तरंगलांबी किती? "यूएस एफडीए अप्रूव्ड आहे" हे उत्तर नव्हे, ते जाहिरातीतलं वाक्य आहे.
- हँडपीस, म्हणजे यंत्राचं चेहऱ्यावर फिरवायचं टोक, कोण धरणार, डॉक्टर की टेक्निशियन?
- कातडी थंड ठेवायची सोय काय? थंड हवा, थंड टोक की फवारा?
- माझ्या रंगाच्या रोझेशियाच्या रुग्णांचे आधीचे-नंतरचे फोटो आहेत का?
- काळा डाग उमटला तर त्याचा उपचार कोण करणार आणि कोणत्या खर्चाने?
- रात्री काही झालं तर फोन कुणाला?

पैशाचा सापळा वेगळा सांगते. एका सिटिंगचा खर्च हजारांत जातो आणि साधारण तीन ते चार सिटिंग, महिन्याच्या अंतराने, असं गणित असतं. सहाचं पॅकेज आगाऊ भरलं की सूट, असा आग्रह होईल. भरू नका. टेस्ट पॅचच्या (पायरी ९) आधी तर एक रुपयाही पॅकेजचा देऊ नका, कारण यंत्र तुम्हाला सोसेल की नाही हेच अजून कळलेलं नसतं. दर सिटिंगला पैसे, दर सिटिंगची पावती. त्यात जीएसटी धरला आहे की वेगळा, तेही विचारा. आरोग्य विम्यातून सौंदर्योपचार साधारणपणे वगळलेले असतात, त्यामुळे विम्याच्या भरवशावर हिशेब बांधू नका.

७. महिना ठरवा

माझ्या मते नागपुरात याइतकी महत्त्वाची दुसरी पायरी नाही. उन्हाने रापलेल्या कातडीवर लेझर करणं म्हणजे डागाला आमंत्रण, आणि केल्यानंतर उन्हात फिरणं म्हणजे तेच आमंत्रण दुसऱ्यांदा. म्हणून हिवाळा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पहिलं सिटिंग धरलं तर महिन्याच्या अंतराने तीन ते चार सिटिंग फेब्रुवारीपर्यंत बसतात. होळी-रंगपंचमीच्या आधी कातडीला सावरायला वेळही मिळतो. मार्च उलटला की थांबा, उरलेलं पुढच्या हिवाळ्यात. नवतपाच्या तोंडावर "ऑफर" निघतात त्या मोकळ्या खुर्च्या भरण्यासाठी.

उलट मोजणी करा. औषधांना तीन महिने हवेत, म्हणजे डॉक्टरांकडे जुलै-ऑगस्टमध्येच पोचलं पाहिजे. पावसाळ्यात ओपीडीत जाणं जिवावर येतं, पण तोच हिशेब बरोबर बसतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं, सीताबर्डी-सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते मोर्च्यांनी अडतात. त्या आठवड्यातली वेळ घेतली असेल तर मेट्रोने जा. घरात लग्न असेल तर हळदीच्या किमान महिनाभर आधी शेवटचं सिटिंग आटोपा.

८. सोबत काय न्यायचं

- आधारकार्ड, सरकारी रुग्णालयासाठी मोबाइलवर आभा (आरोग्य ओळख) क्रमांक
- जुन्या सगळ्या चिठ्ठ्या आणि पायरी २ मधल्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी
- पोटातून चाललेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिकसुद्धा
- रक्ततपासण्यांचे कागद
- चेहरा कधी तापला ते लिहिलेली पायरी ३ मधली वही
- चेहऱ्याचे फोटो: सकाळी, एकाच खिडकीसमोर, मेकअप आणि फिल्टरशिवाय, समोरून आणि दोन्ही बाजूंनी

गोळ्यांच्या यादीत तीन गोष्टी लपवू नका. डॉक्सिसायक्लिन उन्हाची संवेदनशीलता वाढवतं. आयसोट्रेटिनॉइन (पिंपल्सची गोळी) चालू असेल किंवा अलीकडे बंद केलं असेल तर कोणतं लेझर चालेल हे डॉक्टर ठरवतील. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर वळ जास्त उठतात, पण ती आपल्या मनाने बंद करू नका. ओठांवर वारंवार तापाचे फोड (हर्पिस) येत असतील, जखमेचे व्रण फुगत असतील, किंवा गरोदर असाल, तर तेही आधी सांगा.

९. टेस्ट पॅच

कानाजवळ किंवा जबड्याच्या कडेला छोट्या जागी एक-दोन शॉट देऊन बघतात. भाजलं तर ते लगेच दिसतं, पण काळा डाग दोन ते चार आठवड्यांनी उमटतो. म्हणून सकाळी पॅच आणि दुपारी पूर्ण चेहरा, याला टेस्ट म्हणत नाहीत. थांबा. "तुमची स्किन चांगली आहे, गरज नाही" असं म्हटलं तर दुसरा दवाखाना बघा.

१०. सिटिंगचा दिवस

मेकअप नको, सुगंधी क्रीम नको, ब्रिमोनिडिन नको. ते रक्तवाहिन्या आकसवतं आणि मग लेझरला निशाणच दिसत नाही. बधिर करायची क्रीम लावायला हवी का, हेही डॉक्टरांना ठरवू द्या, कारण काही क्रीममुळे कातडी पांढुरकी पडते. पुरुषांनी आदल्या दिवशी दाढी करावी. वेळ शक्यतो संध्याकाळची घ्या म्हणजे परत जाताना ऊन नसेल.

संमतीपत्र मराठीत मागा आणि वाचा. डोळ्यांवर पूर्ण बंद गॉगल किंवा धातूच्या वाट्या हव्यातच. खोलीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल नसेल तर काम सुरू करू देऊ नका. प्रत्येक शॉट रबरबँड ताणून सोडल्यासारखा लागतो, वर गरम चटका. तेवढं अपेक्षित आहे. वाहिनी नाहीशी होणं किंवा गडद होणं, थोडी लाली आणि सूज, हेही ठीक. पण एखादा शॉट बाकीच्यांपेक्षा फारच झोंबला किंवा आरशात करडा-पांढरा ठिपका दिसला, तर लगेच थांबवायला सांगा. सहन करून दाखवण्यात काही शौर्य नाही. प्रत्येक सिटिंगनंतर यंत्राचं सेटिंग फाइलवर लिहून घ्या आणि त्या पानाचा फोटो काढा. पुढे डॉक्टर बदलले तर हाच कागद कामाला येतो.

११. नंतरचे दिवस

पहिले एक ते तीन दिवस गाल सुजतात, सकाळी डोळ्यांखाली जास्त. थंड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं ठेवा. बर्फ थेट लावू नका. डोक्याखाली दोन उशा घेऊन झोपा. साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बस. सनस्क्रीन बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी.

हळद, लिंबू, बेसन, दही यांना या काळात चेहऱ्यापासून लांब ठेवा. आजी कितीही प्रेमाने म्हणाली तरी. वाफ नाही, स्क्रब नाही, आठवडाभर जिम आणि पोहणं नाही. रेटिनॉल किंवा अझेलिक अ‍ॅसिड परत कधी सुरू करायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

फोड आला, पू दिसला, दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं किंवा पांढरट-करडी खपली धरली, तर त्याच दिवशी फोन करा. फोन उचलला नाही तर सरळ मेडिकल, मेयो किंवा एम्स गाठा. खपली नखाने काढू नका. तपकिरी सावली उमटली तर घाबरून गोरं करणारी क्रीम आणू नका. ती बहुतेकदा काही महिन्यांत विरते, आणि पुढचं सिटिंग तोवर थांबवायचं असतं.

१२. पुढचं वेळापत्रक

दुसऱ्या सिटिंगनंतर पहिल्या दिवसाचे फोटो काढून, त्याच खिडकीसमोर नवे काढून, शेजारी ठेवा. वाहिन्या कमी दिसत असतील तर पुढे चला. काहीच हललं नसेल तर तिसऱ्याचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांना विचारा: यंत्र बदलायचं की निदान परत तपासायचं?

मिटलेल्या वाहिन्या बहुतेक परत येत नाहीत, पण आजार शिल्लक असतो आणि तो नव्या तयार करतो. म्हणून अनेकांना वर्षा-दोन वर्षांनी एखादं सिटिंग परत लागतं. त्याची नोंद दिवाळीच्या खर्चातच करून ठेवा, आणि मधल्या काळात आयव्हरमेक्टिन किंवा अझेलिक अ‍ॅसिड किती दिवस, आठवड्यातून किती वेळा लावायचं ते शेवटच्या भेटीत चिठ्ठीवर मागून घ्या. मार्च ते जून चार महिने सनस्क्रीनची ट्यूब लवकर संपते, एक जास्तीची आणून थंड जागी ठेवा. गाडीच्या डिकीत नको, तिथे ती उन्हाने बिघडते.